दहा दिवसांची गोळी चार वर्षं कशी चालली

ही झोपेच्या गोळीची केस आमच्या गल्लीतल्या आक्काची आहे. तिला विचारून आणि तिच्या पोराला विचारून लिहितोय. आक्का म्हणाली, "लिही की, नाव तेवढं घालू नको", म्हणून नाव नाही आणि एकदोन बारीक गोष्टी बदलल्यात. मी डॉक्टर नाही, बी. फार्म. केलंय, शाहूपुरीत माझं मेडिकल आहे. आणि ह्या प्रकरणात माझा पण हात आहे, तो कसा ते पुढं येईलच.

ऑगस्ट २०१९ चा पूर कोल्हापुरात कुणाला समजावून सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्यावर्षी राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलतं. कुंभार गल्लीत पाणी शिरलं तेव्हा गणपती तीन-चार आठवड्यांवर आलेले, निम्म्या मूर्तींचा रंग झालेला, निम्म्या नुसत्या पांढऱ्या. आक्काच्या घरात डोळ्यांची आखणी तीच करायची, लग्न होऊन आल्यापासून, आणि ते काम सगळ्यांना जमत नाही, हात थरथरला की देव तिरळा दिसतो. ती तेव्हा ६२ वर्षांची. जेवढ्या मूर्ती माळ्यावर चढवता आल्या तेवढ्या चढवल्या आणि बाकीच्या पाण्यात सोडून सगळी राजारामपुरीत नणंदेकडं गेली.

पाणी उतरलं, चिखल काढून झाला, पंचनामे झाले, पण आक्काची झोप काय परत आली नाही. रात्री पत्र्यावर जरा पाऊस वाजला की उठायची, दार उघडून गटार बघायची, परत आत, परत अर्ध्या तासानं दारात. महिनाभर असं झाल्यावर पोरानं डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी अल्प्राझोलमची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी दिली, रात्री एक, आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं, १० दिवस. यात मला आजही काही चूक दिसत नाही. घरात पाणी शिरलेल्या बाईला थोडे दिवस झोप मिळावी म्हणून दिलेली गोळी होती ती.

चूक अकराव्या दिवशी झाली, आणि ती माझ्या काउंटरवर झाली. आक्का आली, म्हणाली, "आरं, ती बारकी गोळी संपली बघ, दे की आणि एक पाकीट, लई ब्येस झोप लागतीया." तीच जुनी चिठ्ठी तिनं पुढं केली आणि मी दिली. लहानपणी हिच्याच अंगणात मातीचे बैल करून मोडलेले, हिला काय नाही म्हणायचं असं वाटलं. पुढच्या महिन्यात परत, त्याच्या पुढच्या महिन्यात परत. या गोळ्या शेड्यूल एच-वन मध्ये येतात, मार्च २०१४ पासून तसा नियम आहे. वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कुठलं, किती दिलं हे लिहायचं आणि तीन वर्षं ते सांभाळायचं. मी ते सगळं इमानदारीत लिहीत होतो. दर महिन्याला आक्काचं नाव. फक्त मागचं पान उलटून बघत नव्हतो.

आता या गोळ्यांचा स्वभाव असा की काही आठवड्यांत मेंदूला त्यांची सवय होते आणि तेवढ्याच डोसमध्ये पहिल्यासारखी झोप लागत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये आक्काचे मालक कोविडमध्ये गेले, जुलैत परत पूर, आणि त्याच पावसाळ्यात ०.२५ ची ०.५ झाली. ती कुणी वाढवली म्हणाल तर डॉक्टरांनीच, पण फोनवर, पोरानं विचारलं आणि ते हो म्हणाले.

२०२२ मध्ये आक्काला छातीत धडधड, जीव घाबरा व्हायला लागला. ईसीजी नॉर्मल आला. वेगळ्या डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांनी रात्रीसाठी एक गोळी दिली, एसिटालोप्राम १० (उदासी-घबराटीवरची) आणि क्लोनाझेपाम ०.५ (अल्प्राझोलमच्याच गटातली) असं एकत्र. आपल्याकडं हे कॉम्बिनेशन लय चालतं. पाकिटावर कंपनीचं गोड नाव मोठ्या अक्षरात असतं आणि आत काय आहे ते बारीक अक्षरात, त्यामुळं घरातल्यांना कळायचा प्रश्नच नव्हता की ही पण त्याच जातीची गोळी आहे. बरं डॉक्टरांनी विचारलं होतं, आणि काय औषधं चालू आहेत? आक्कानं शुगरची मेटफॉर्मिन सांगितली, बीपीची सांगितली, झोपेची नाही सांगितली. का नाही सांगितली, असं नंतर मी विचारलं तर म्हणाली, "ती काय औषध हाय व्हय, ती झोपंची गोळी." म्हणजे एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या एका बाईच्या पोटात रोज रात्री जायला लागल्या, आणि दोन्ही एकाच दुकानातून, एकाच पिशवीत. डॉक्टर दोन होते, दुकान एकच होतं. हे मला कळायला पाहिजे होतं.

विसराळूपणा कधी सुरू झाला ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. लेक इचलकरंजीला दिलीय, ती रोज रात्री साडेनऊला फोन करते. तिच्या लक्षात आलं की आईला आदल्या रात्रीचं बोलणं आठवत नाही. आठवत नाही म्हणजे अर्धवट नाही, फोन आलता हेच आठवत नाही. सकाळी तेच विचारायची जे रात्री सविस्तर बोलून झालेलं असायचं. सुनेला वाटलं, वय झालं. मग भिशीचा घोळ झाला. आक्काची बायकांची भिशी वीस-बावीस वर्षांची, आणि हिशोब कधी वहीत नाही, सगळा डोक्यात, कुणाचा नंबर उचलला, कुणाचे दोन महिने राहिलेत, सगळं तोंडपाठ. २०२३ च्या श्रावणात तिनं एकाच बाईला दोनदा रक्कम दिली. ती बाई चांगली, परत आणून दिले पैसे, पण आक्का त्या दिवशी खोलीतून बाहेर आली नाही म्हणे. भिशी तिनं सोडून दिली. आखणीचं काम त्याच्या आधीच सुटलेलं, हात स्थिर राहत नाही म्हणून.

आणि एक बारसं होतं, नातवाचं, २०२२ च्या दिवाळीनंतर. त्याच्यावर शेवटी येतो.

इथं जरा ही गोळी डोक्यात काय करते ते सांगतो, कारण लोकांना वाटतं ती मेंदू "सुन्न" करते आणि सुन्न झाला की झोप. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते पेशींना "गप बसा" सांगतं. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ह्या सगळ्या बेन्झोडायझेपीन गटातल्या गोळ्या त्या गाबाचा आवाज वाढवतात. झोप येते, भीती कमी होते, स्नायू सैल पडतात. पण दिवसभरात घडलेलं पक्कं करून ठेवायचं काम मेंदूत ज्या भागात चालतं तिथंही हाच गप बसवायचा हुकूम जातो. मग माणूस जागा असतो, बोलतो, हसतो, फोनवर सुनेच्या तक्रारी पण करतो, पण रेकॉर्डिंग बंद असतं. जुनं पुसलं जात नाही, नवीन लिहिलंच जात नाही. दुर्बिणीच्या तपासणीआधी मिडाझोलम देतात ती याच गटातली, आणि नळी घशात घातलेली पेशंटला नंतर आठवत नाही ते याच्यामुळंच. तिथं हा गुण कामाचा आहे. रोज रात्री साडेआठला घरात तो कामाचा नाही.

दुसरं म्हणजे गोळी सकाळी संपते असं नाही. अल्प्राझोलम अर्धी उतरायला साधारण ११ तास, म्हाताऱ्या माणसांत त्याहून जास्त. क्लोनाझेपामला ३० ते ४० तास लागतात. म्हणजे आजची उतरायच्या आत उद्याची वर चढते. आक्का सकाळी अकरापर्यंत झुलत असायची ती आळसानं नव्हे.

डिसेंबर २०२३ मध्ये पहाटे तीनला बाथरूमला जाताना ती पडली. उजवं मनगट मोडलं. खुबा वाचला हे नशीब. साठीपुढच्या माणसांना या गोळ्या शक्यतो देऊ नयेत असं सांगतात त्यात पडझड आणि हाडं मोडणं हे विसराळूपणाच्या बरोबरीनं येतं. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांची संघटना टाळायच्या औषधांची एक यादी काढते, बिअर्स क्रायटेरिया म्हणतात तिला, त्यात हा गट कितीतरी वर्षं आहे.

प्लास्टर घालून घरी आणलं त्याच आठवड्यात पोरानं मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, झोपेच्या गोळीनं अल्झायमर होतो असा, मागं भुताच्या पिक्चरचं म्युझिक असतं तसला. पोरगं घाबरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं घरातल्या सगळ्या गोळ्या गोळा केल्या आणि कचऱ्यात टाकल्या, कॉम्बिनेशनची पण. मला विचारायला आला नाही, आला असता तर मी काय सांगितलं असतं कुणास ठाऊक, पण "एकदम बंद करू नको" एवढं तरी सांगितलं असतं.

पहिली रात्र आक्का नुसती जागी. दुसऱ्या दिवशी घाम, हातापायाला कंप, चिडचिड, पोटात ढवळणं. तिसऱ्या रात्री ती उठून अंथरूण गुंडाळायला लागली. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातानं भांडी माळ्यावर ठेवायचा प्रयत्न करतीय आणि सुनेला ओरडतीय, "उठ की गं, पाणी उंबऱ्याला लागलंय, मूर्ती उचल." डिसेंबरमध्ये. जमीन कोरडीठाक. पोरानं दिवे लावून फरशीवर हात फिरवून दाखवला तरी तिला पाणी दिसतच होतं. सून मला म्हणाली, "दादा, मला सुद्धा दोन मिनिटं खरं वाटलं."

रात्रीच दवाखान्यात नेलं. ही गोळी वर्षानुवर्षं घेऊन अचानक तोडली की भ्रम होतो, फिट येऊ शकते, आणि जीवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०२० मध्ये या सगळ्या गटावर सवय लागण्याचा आणि अचानक बंद करण्याचा ठळक इशारा छापायला लावला तो याच्यासाठी. आक्काला फिट आली नाही. दवाखान्यात गोळी परत सुरू केली आणि दोन दिवसांत ती ताळ्यावर आली. मग मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, आणि त्यांनी पहिल्यांदा एक गोष्ट केली जी चार वर्षांत कुणी केली नव्हती. घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून आणा म्हणाले. पिशवी टेबलावर ओतली. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली आणि पोराला बारीक अक्षरं वाचायला लावली.

पोराचा प्रश्न एकच होता: आईला अल्झायमर झालाय का आणि तो गोळीनं झालाय का. माझाही तोच होता, फक्त माझ्या प्रश्नात रजिस्टर होतं.

याचं उत्तर लोकांना पाहिजे तसं हो किंवा नाही मध्ये मिळत नाही. व्हिडिओवाले ज्याच्यावर उड्या मारतात तो अभ्यास २०१४ चा, कॅनडातल्या क्विबेकचा. अल्झायमर झालेले १,७९६ वृद्ध आणि न झालेले ७,१८४ घेऊन मागं जाऊन बघितलं, तर झालेल्यांमध्ये या गोळ्या घेतलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं, धोका सुमारे दीडपट, आणि जितकी जास्त दिवस घेतली तितका जास्त. ऐकायला भयंकर आहे. पण दोन वर्षांनी, २०१६ ला, अमेरिकेत सिएटलच्या भागातल्या ३,४३४ वृद्धांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून बघितलं तेव्हा ज्यांनी सगळ्यात जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यात धोका वाढलेला दिसला नाही. गोळी विष असती तर जास्त घेणाऱ्याला जास्त व्हायला पाहिजे होतं. यातली गोम अशी की स्मृतिभ्रंश दिसायला लागायच्या कितीतरी आधी झोप मोडते, जीव घाबरा होतो, आणि त्याच्यासाठी माणूस ही गोळी घ्यायला लागतो. मग नंतर बघणाऱ्याला वाटतं गोळीनं आजार आणला, पण आजारानंच गोळी आणलेली असू शकते. धूर दिसला म्हणून बंब आला, आणि आपण म्हणायचं बंबानं आग लावली.

डॉक्टरांनी पोराला जे सांगितलं ते मला पटलं. म्हणाले, पुढं दहा वर्षांनी काय होईल ते आज मला सांगता येत नाही, पण आज ती जी विसरते त्यात गोळीचा वाटा आहे हे नक्की सांगता येतं, आणि तो वाटा काढून घेता येतो. म्हणून आधी तो काढू, मग काय उरतं ते बघू.

आणि इतर चोरही शोधले. रक्तात बी-ट्वेल्व्ह १४२ निघालं, कमी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होतं, वर आक्का माळकरी, मटण-अंडं नाही, कोल्हापुरात राहून पांढऱ्या रश्श्याचा वास पण नको. थायरॉईड ठीक. एमआरआयमध्ये वयाप्रमाणं बारीक रक्तवाहिन्यांचे ठिपके, बाकी काही नाही. सर्दीची गोळी ती ऊठसूट घ्यायची, त्यातलं क्लोरफेनिरामिन पण म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती गढूळ करतं, ते बंद. तीस मार्कांची स्मरणशक्तीची परीक्षा घेतली, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात सात वजा करा, त्यात १९ पडले. सातवी शिकलेल्या बाईला शिक्षणाचा एक मार्क वाढवून. २६ आणि त्याच्या वर नॉर्मल धरतात. पाच शब्दांतला एकही तिला आठवला नाही आणि ती बाहेर येऊन पोराला म्हणाली, "नापास झालो बघ." (आमच्याकडच्या बायका "आलो, गेलो"च म्हणतात.)

जानेवारी २०२४ ला गोळी उतरवायला घेतली. आधी अल्प्राझोलम बंद करून तिच्या बदल्यात तेवढंच क्लोनाझेपाम, म्हणजे एकूण १ मिलिग्रॅम एकाच औषधाचं. एसिटालोप्राम वेगळी करून चालू ठेवली, कारण मालक गेल्यापासूनचं दुःख खरं होतं आणि त्याला कुणी हातच लावला नव्हता. मग दर तीन आठवड्यांनी ०.२५ च्या गोळीतली अर्धी, म्हणजे ०.१२५ कमी. हा तिचा हिशोब होता, तिच्या डॉक्टरांनी बसवलेला, कुणी उचलून आपल्या आईला लावू नका, कुणाला याच्याहून सावकाश लागतं. पाकिटं सून कुलपात ठेवायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची.

झोपेचं गणित पण बदललं. आक्का साडेआठला आडवी व्हायची आणि सहाला उठायची, म्हणजे साडेनऊ तास अंथरुणात आणि झोप जेमतेम सहा तास, वर दुपारी दोन तास. मग ती "रात्रभर डोळा नाही" म्हणायची. डॉक्टर म्हणाले अकराच्या आत पाठ टेकायची नाही, साडेपाचला उठायचं म्हणजे उठायचं, दुपारची झोप बंद, आणि झोप येईना तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं. पहिला महिना सगळ्या घराला शिक्षा. अकरापर्यंत हिला जागी कोण ठेवणार? शेवटी गल्लीतल्या बायकांनी वाटून घेतलं, जेवणं झाली की कट्ट्यावर. मी दुकान बंद करून जाताना बघायचो, आक्का पेंगतीय आणि शेजारीण कोपरानं ढोसतीय.

०.५ पर्यंत बरं उतरलं. खाली यायला लागलं तसं अवघड झालं, कारण एकातून ०.१२५ काढणं वेगळं आणि पावातून काढणं वेगळं, ती निम्मी झाली की. ०.२५ वर आली आणि जुलै उजाडला. २०२४ च्या जुलैत पंचगंगा परत ४३ च्या वर गेली. कुंभार गल्लीत मूर्ती उचलायची पळापळ, आणि आक्का रात्री परत दारात. पोरगं म्हणालं वाढवू का परत. डॉक्टरांनी वाढवली नाही आणि कमी पण केली नाही, पाणी उतरेपर्यंत आहे तिथं थांबा म्हणाले. तीन-सव्वातीन महिने ती ०.२५ वरच राहिली. गणपती झाले, दसरा झाला, मग पुढची पायरी. नोव्हेंबरात शेवटची अर्धी गोळी गेली. सगळे मिळून दहा महिने.

फेब्रुवारी २०२५ ला परत परीक्षा, २४ मार्क. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं पण झालेली, उदासी पण कमी झालेली, त्यामुळं पाच मार्क कुणामुळं वाढले हे वेगळं काढता येत नाही, आणि डॉक्टरांनी पण काढलं नाही. २६ काही झाले नाहीत. दरवर्षी बघत राहायचं ठरलंय. रोजच्यात मात्र फरक आहे. लेकीचं रात्रीचं बोलणं सकाळी आठवतं, आता लेकच वैतागते, हिला सगळं आठवतंय म्हणून. रात्री एकदोनदा जाग येते अजून. भिशी परत घेतली नाही, वहीत लिहून कर म्हटलं तर म्हणाली वहीत काय कुणीबी करंल.

माझ्या दुकानात काय झालं ते सांगतो. मी २०१९ पासूनची रजिस्टरं काढून बसलो, जुनी पण ठेवलेली होती. आक्काची नोंद पन्नासच्या वर वेळा माझ्याच अक्षरात. आणि ती एकटी नव्हती. वर्षाच्या वर चाललेले, साठीच्या पुढचे, असे अकरा जण निघाले माझ्या एका छोट्या दुकानात. क्विबेकमध्येच २०१४ ला एक प्रयोग झालेला, मेडिकल दुकानांमधून, वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात फक्त एक माहितीची पुस्तिका दिली, गोळी काय करते आणि हळूहळू कशी उतरवायची. सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी गोळी सोडली, ज्यांना पुस्तिका दिली नाही त्यांच्यात ५ टक्के. मला पुस्तिका वगैरे जमणार नाही. मी जुन्या चिठ्ठीवर द्यायचं थांबवलं आणि त्या अकरा जणांना एकच विचारतो, ही सुरू कशासाठी झालती? चौघांना आठवलं नाही. एक आजोबा चिडून समोरच्या दुकानात गेले, त्यांना तिथं मिळते. दोघं डॉक्टरांकडं जाऊन कमी करायला लागलेत, बाकीचे "बघू की" म्हणतात. एकदम बंद करू नका, हे मात्र सगळ्यांना दोनदा सांगतो.

बारशाचं राहिलं. त्या दिवशी घरात गडबड, पाहुणे, आक्काचं डोकं भणभणलेलं, तिनं संध्याकाळीच गोळी घेऊन टाकली होती, नेहमीपेक्षा दोन तास आधी. नंतर पाळणा तिनंच म्हटला. सुनेच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ आहे, आक्का पाळण्याची दोरी धरून अख्खा पाळणा म्हणतीय, एक ओळ चुकली नाही, कारण तो चाळीस वर्षं जुना, तो पक्का होता. पण ती संध्याकाळ तिच्याकडं नाही. गोळी सुटल्यावर परत येईल अशी घरातल्यांना आशा होती, पोरानं मला विचारलं पण. मी सांगितलं, ते लिहिलंच गेलं नाही रे, येणार कुठनं.

परवा आक्का बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या न्यायला आली तेव्हा नातू बरोबर होता, आता चांगला बोलतो. काउंटरवर बसवून तिनं त्याला मोबाईलवर तोच व्हिडिओ लावून दिला आणि स्वतः पण चष्मा वर करून बघत उभी राहिली. संपल्यावर मला म्हणाली, "जरा वरच्या पट्टीत धरला व्हता बघ मी, खाली धरायला पायजे व्हता."